समुद्रातले प्लास्टिक आणि किरणोत्सर्गी द्रव्ये : नेमके काय कशाला चिकटते?

वलांडी

मी पालघर जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात राहते आणि माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. सासरचा व्यवसाय मासेमारीचा आहे. अजूनही आमची डोल जाळी समुद्रात लागतात आणि बोंबील वलांडीवर टांगून सुकवण्याचे काम घरातल्या बायकाच करतात. मागच्या आठवड्यात मुंबईच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने माझ्या जाऊबाईंना फोनवर विचारले की, "तुमचे गाव तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बाजूला आहे आणि समुद्रातले प्लास्टिक किरणोत्सर्ग शोषून घेते असा संदेश सगळीकडे फिरतो आहे, तर यंदा सुके बोंबील घ्यावेत की नाही?" जाऊबाईंनी फोन माझ्या हातात दिला, पण मला धड उत्तर देता आले नाही आणि ही गोष्ट मनाला फार लागून राहिली. त्यानंतर जे वाचले आणि समजून घेतले ते येथे मांडते आहे. चुकत असेन तेथे जाणकारांनी दुरुस्त करावे.

पहिली गोष्ट म्हणजे त्या संदेशातले वाक्यच चुकीचे आहे. प्लास्टिक किरणोत्सर्ग शोषून साठवत नाही. कोळशावर धरलेल्या फडक्यात ऊब राहते तसा किरणोत्सर्ग वस्तूत मुरून राहत नसतो. वस्तूला चिकटतात ते किरणोत्सर्गी अणू, म्हणजे एक पदार्थ, आणि पदार्थाचे चिकटणे हा रसायनशास्त्राचा प्रश्न आहे. त्यामुळे "प्लास्टिकला किरणोत्सर्ग चिकटतो का" असे न विचारता "सीझियम चिकटते का, स्ट्रॉन्शियम चिकटते का, प्लुटोनियम चिकटते का" असे एकेकाचे नाव घेऊन विचारावे लागते आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते.

दुसरी गोष्ट मला स्वयंपाकघरात उमगली. प्लास्टिकच्या डब्यात रस्साभाजी ठेवली की डबा हळदीने पिवळा होतो आणि कितीही घासला तरी पिवळेपणा जात नाही. त्याच डब्यात मीठ ठेवले तर एका पाण्यात डबा स्वच्छ होतो. हळदीचा रंग तेलात विरघळणारा आणि प्लास्टिकही तेलाच्याच जातीचे, म्हणून त्यांचे जमते. मीठ पाण्याचे, त्यामुळे त्याचे प्लास्टिकशी जमत नाही. डीडीटीसारखी कीटकनाशके आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरमधली पीसीबी नावाची तेले हळदीसारखी वागतात, म्हणून समुद्रातल्या प्लास्टिकमध्ये ती मुरलेली सापडतात. सीझियम मात्र मिठाच्या कुळातले आहे, सोडियम आणि पोटॅशियमचे भावंड. मग ते गुळगुळीत पॉलिथिनला कसे चिकटेल, हा माझा प्रश्न आहे, आणि चिकटत नसेल तर शास्त्रज्ञ या विषयावर काम का करत आहेत, हा त्याला जोडून येणारा दुसरा.

गामारेषा

वलांडीताई, मी किरणोत्सर्गी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षे नमुने मोजण्याचे काम केले आणि आता निवृत्त आहे. आपला हळदीचा आणि मिठाचा दाखला अगदी योग्य आहे आणि मला तो त्या काळात सुचला असता तर नव्या मुलांना शिकवणे सोपे गेले असते. त्यात थोडी भर घालतो.

नवे, स्वच्छ प्लास्टिक सीझियमला जवळजवळ धरतच नाही. परंतु समुद्रात पडलेले प्लास्टिक फार दिवस स्वच्छ राहत नाही. उन्हाने त्याचा पृष्ठभाग तडकतो, ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यावर ऋणभाराच्या जागा तयार होतात आणि धनभाराचे अणू तेथे टेकू शकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे काही दिवसांतच त्यावर जिवाणूंचा आणि सूक्ष्म शैवालांचा बुळबुळीत थर चढतो. होडीच्या दोराला पाण्याखाली हात लावला की जो लागतो तोच हा थर. तो चिकट शर्करांचा बनलेला असतो, धातूंचे अणू धरतो आणि पाण्यातला बारीक गाळही स्वतःवर ओढून घेतो. प्लास्टिक आणि किरणोत्सर्गी द्रव्ये यांचा जो संबंध आहे तो बहुतांशी या थराचा संबंध आहे. प्लास्टिक त्या थराला बसायला जागा देते, एवढेच त्याचे काम.

आता प्रमाणाचे बघू. ऑस्ट्रेलियाच्या अणुसंशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी असा थर चढलेले सूक्ष्मप्लास्टिक घेऊन त्यावर सीझियम आणि स्ट्रॉन्शियम किती बसते हे मोजले आणि २०१८ साली प्रसिद्ध केले. दोन्ही बसतात, पण तळाच्या गाळावर जितके बसतात त्याच्या शेकडो पटींनी कमी. याचे कारण गाळातल्या चिकणमातीत आहे. इलाइट नावाच्या खनिजाचे थर कडेला किंचित उसवलेले असतात आणि त्या फटींचे माप सीझियमच्या अणूला असे बरोबर बसते की आत गेलेले सीझियम सहजासहजी बाहेर येत नाही. प्लास्टिकमध्ये अशी फट नसते. शिवाय समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते आणि ते प्रत्येक मोकळ्या जागेसाठी सीझियमशी स्पर्धा करते. म्हणून गोड्या पाण्यात जे थोडेफार चिकटते, तेही खाडीच्या मुखाशी सुटू लागते.

मोजणीत होणारी चूकही सांगून ठेवतो, कारण अफवांचे मूळ पुष्कळदा तेथेच असते. आमच्याकडे एकदा खाडीतून काढलेल्या नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा मोजणीसाठी आला होता. एका सहकाऱ्याने तो तसाच डब्यात दाबून यंत्रात ठेवला आणि आलेख आल्यावर "जाळ्यात सीझियम आहे" असे वहीत लिहिले. मी तो तुकडा बाहेर काढून पांढऱ्या ट्रेमध्ये धुतला. प्रत्येक गाठीतून करडा चिखल सुटत होता, दोऱ्याच्या पिळातून तर तो बोटाने पिळून काढावा लागला. वाळवून वजन केले तेव्हा मूळ वजनातला निम्म्याहून अधिक भाग गाळाचा निघाला. धुतलेल्या जाळ्याच्या आलेखात ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेची सीझियमची रेषा पार्श्वभूमीतून वर आलीच नाही आणि ट्रेमधल्या गाळात ती स्पष्ट दिसली. ते सीझियमही कोठल्या गळतीचे नव्हते. १९५० आणि १९६० च्या दशकांत वातावरणात झालेल्या अण्वस्त्रचाचण्यांची धूळ जगभरच्या गाळात मिसळली आहे, त्यातलेच ते होते. १९६३ च्या सुमारास ही धूळ सर्वाधिक पडली, म्हणूनच गाळाच्या थरांचे वय काढताना सीझियमचा तो उंचवटा खुणेसारखा वापरतात.

मिठागर

गामारेषा सर, तुमच्या प्रतिसादावरून असा अर्थ घ्यायचा का, की गाळापुढे प्लास्टिक अगदीच क्षुल्लक आहे आणि हा विषय येथेच मिटवावा?

गामारेषा

नाही, तसा अर्थ घेऊ नये. गाळ जड असतो, तो बसतो आणि बसला की बहुधा तेथेच राहतो. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन पाण्याहून हलके असल्यामुळे तरंगतात आणि वाऱ्या-प्रवाहाबरोबर शेकडो मैल जातात. थर जाड झाला की तेच प्लास्टिक बुडू लागते. नायलॉन, पीव्हीसी आणि पाण्याच्या बाटल्यांचे पीईटी तर आधीपासूनच तळाशी जाणारे आहे. म्हणजे एका किलोमागे कमी धरणारा, पण फिरणारा आणि खाल्ला जाणारा असा हा वाहक आहे. मासा तळाचा गाळ ज्या प्रमाणात गिळतो आणि बुळबुळीत थर चढलेला तरंगता तुकडा अन्न समजून ज्या प्रमाणात गिळतो, ती दोन प्रमाणे वेगळी असतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मोनॅको येथील सागरी प्रयोगशाळेत नेमके याच वाटेचे काम चालते. किरणोत्सर्गी खुणेचे अणू अत्यल्प प्रमाणात वापरून प्लास्टिकवर बसलेले द्रव्य शिंपल्याच्या किंवा माशाच्या शरीरात किती उतरते, हे तेथे पाहतात. याच संस्थेने २०२१ पासून न्यूटेक प्लास्टिक्स या नावाने सागरी सूक्ष्मप्लास्टिकच्या मोजणीचे जाळे उभे केले आहे.

आणखी एक गोष्ट. "प्लास्टिक किरणोत्सर्गी अणू धरत नाही" हे विधान सर्व प्लास्टिकला लागू करू नका. अणुभट्टीचे पाणी शुद्ध करण्यासाठी जे आयन-विनिमयाचे बारीक मणी वापरतात ते पॉलिस्टायरिनचेच असतात. त्यावर मुद्दाम सल्फोनिक आम्लाचे गट बसवलेले असतात, म्हणून ते सीझियम पकडतात. जपानी शास्त्रज्ञांनी पॉलिथिनच्या तंतूंवर ॲमिडॉक्झिम नावाचा गट रुजवून असे कापड आओमोरीच्या किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत समुद्रात टांगले आणि पाण्यातून सुमारे एक किलो युरेनियम गोळा करून दाखवले. पिशवीचे प्लास्टिक आणि हे प्लास्टिक यांचा कणा एकच, फरक फक्त पृष्ठभागाचा. ऊन आणि लाटा समुद्रातल्या कचऱ्याचा पृष्ठभाग वर्षानुवर्षे बदलतच असतात, म्हणून आजचे मोजमाप उद्याच्या कचऱ्याला तसेच्या तसे लावता येत नाही.

उत्तरवारा

मी मूळचा रत्नागिरीचा असून गेली बरीच वर्षे वायव्य इंग्लंडमध्ये राहतो. येथून सेलाफिल्ड हे अणुकेंद्र जवळ आहे. त्याचे जुने नाव विंडस्केल. किनाऱ्यावरचे किरणोत्सर्गी द्रव्य म्हणजे काय, हे ज्यांना पाहायचे आहे त्यांनी आयरिश समुद्राचा हा किनारा अभ्यासावा, कारण येथे प्रश्न अंदाजाचा नाही. अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेनंतर उरलेले सौम्य सांडपाणी नळाने समुद्रात सोडले जात असे. १९७५ च्या आसपास सीझियम-१३७ चे विसर्जन सर्वाधिक होते. पुढे १९८५ मध्ये शुद्धीकरणाची नवी यंत्रणा सुरू झाली आणि ते झपाट्याने खाली आले.

त्या द्रव्यांचे पुढे काय झाले ते या धाग्याच्या दृष्टीने फार बोलके आहे. सीझियम मिठासारखे पाण्यात राहिले आणि प्रवाहाबरोबर स्कॉटलंडला वळसा घालून नॉर्वेच्या किनाऱ्याने आर्क्टिकपर्यंत गेले. प्लुटोनियम आणि अमेरिशियम मात्र कणांना घट्ट धरणारे असल्यामुळे किनाऱ्यासमोरच्या चिखलाच्या पट्ट्यात अडकले. तो चिखल आजही भरती-ओहोटीने थोडा थोडा हलतो आणि रेव्हनग्लासच्या खाडीतल्या गवताळ दलदलीत येऊन साचतो. विसर्जन कमी झाले तरी जुना साठा स्वतःच स्रोत झाला आहे. शिवाय प्लुटोनियम-२४१ चा क्षय होऊन अमेरिशियम-२४१ तयार होत असते, त्यामुळे सोडणे थांबल्यावरही त्याचे प्रमाण काही काळ वाढते.

रेव्हनग्लासच्या दलदलीत मी अनेकदा चाललो आहे. भरतीची जी सर्वांत वरची रेघ असते तेथे वाळलेले शैवाल, निळ्या-नारिंगी दोरांचे गुंते, बाटल्यांची झाकणे आणि काड्या एकत्र येऊन पडतात, आणि गवताच्या मुळांशी बारीक करडा गाळही तेथेच बसतो. म्हणजे प्लास्टिक आणि किरणोत्सर्गी गाळ यांना एकमेकांना चिकटावेही लागत नाही. पाण्याचा वेग जेथे संपतो तेथे दोघेही आपोआप एकाच जागी येतात. दोराचा गुंता गाळ अडवतो आणि गाळाने जड झालेला गुंता तेथेच रुततो. ही गोष्ट मला गामारेषा यांच्या रसायनशास्त्राइतकीच महत्त्वाची वाटते. नोव्हेंबर १९८३ मध्ये येथे चुकीने दूषित द्रावण समुद्रात गेले, तेव्हाही धोका पाण्यात पसरलेल्या द्रव्यापेक्षा किनाऱ्याला लागलेल्या वाहत्या वस्तूंमध्ये आणि शैवालात जास्त आढळला होता आणि लोकांना कित्येक महिने त्या किनाऱ्याचा अनावश्यक वापर टाळायला सांगितले होते.

मिठागर

मग जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुभट्टी-अपघाताचे काय? मार्च २०११ च्या त्सुनामीने सुमारे ५० लाख टन वस्तू समुद्रात ओढून नेल्या, असा जपान सरकारचा अंदाज होता. त्यातल्या बहुतेक बुडाल्या, पण सुमारे १५ लाख टन तरंगत राहिल्या आणि त्यांतल्या काही नंतर पॅसिफिक ओलांडून अमेरिकेला लागल्या. तो सगळा कचरा किरणोत्सर्गी असणार, असे मी आजवर गृहीत धरले होते.

वलांडी

मिठागर, मीही तेच गृहीत धरले होते आणि वाचल्यावर मत बदलले. त्सुनामीने ११ मार्चला कचरा ओढून नेला. भट्ट्यांमधून मोठ्या प्रमाणावर द्रव्य बाहेर पडले ते त्यानंतरच्या दिवसांत, आणि तोपर्यंत बराचसा कचरा किनाऱ्यापासून दूर गेला होता. जून २०१२ मध्ये मिसावा बंदराचा एक मोठा तरंगता धक्का ओरेगनच्या किनाऱ्याला लागला. तपासात त्यावर किरणोत्सर्ग आढळला नाही. त्याच्या अंगावर जे जिवंत प्राणी आणि शैवाल आले होते त्यांचा प्रश्न अधिक खरा निघाला. पुढच्या काही वर्षांत या कचऱ्यावर बसून आलेल्या २८९ जपानी सागरी प्रजातींची नोंद झाली.

फुकुशिमात प्लास्टिक आणि किरणोत्सर्ग यांची खरी गाठ पडली ती जमिनीवर. घरांभोवतीची आणि शेतांतली दूषित माती खरवडून मोठ्या काळ्या पिशव्यांमध्ये भरण्यात आली आणि त्या पिशव्या शेतांतच रचून ठेवल्या गेल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये हागिबिस चक्रीवादळाच्या पुरात तामुरा येथल्या काही पिशव्या नदीत वाहून गेल्या आणि काही सापडल्या त्या रिकाम्या. रिकामी पिशवी पाहिल्यावर आतली माती कोठे गेली असेल हे वेगळे सांगायला नको. ती नदीने खाडीकडे गेली. तेथे काय होते हे अमेरिकेतल्या वुड्स होल सागरी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवले : भट्टीपासून शंभर किलोमीटरपर्यंतच्या किनाऱ्यांवर वाळूखालच्या मचूळ पाण्यात सीझियम सापडले, कारण वाळूच्या कणांना धरून बसलेले सीझियम खाऱ्या पाण्याचा स्पर्श होताच सुटते. गामारेषा सरांनी पोटॅशियमच्या स्पर्धेबद्दल जे लिहिले आहे त्याचा हा प्रत्यक्ष दाखला आहे, असे मी समजते. बरोबर आहे ना?

गामारेषा

बरोबर आहे. त्यात पोटॅशियमबरोबर सोडियमचाही हात आहे, एवढीच पुस्ती. ट्रिशियमबद्दलही, म्हणजे हायड्रोजनच्या किरणोत्सर्गी रूपाबद्दलही, सांगून टाकतो. ऑगस्ट २०२३ पासून फुकुशिमाचे प्रक्रिया केलेले पाणी समुद्रात सोडतात त्यात मुख्यतः ट्रिशियम आहे. ते पाण्याच्या रेणूचाच भाग असते, त्यामुळे प्लास्टिकवर ते जमून बसण्याचा प्रश्न येत नाही.

नारळीपाक

मी नोकरीनिमित्त बारा वर्षे कोल्लमला होते, म्हणून केरळचा एक दाखला देते. चवरा आणि नींदकरा येथल्या काळ्या वाळूत मोनाझाइट नावाचे खनिज असते आणि त्यात थोरियम या किरणोत्सर्गी धातूचे ऑक्साइड आठ ते दहा टक्के. तेथील किरणोत्सर्ग कोठल्याही कारखान्याचा नाही, तो डोंगरांतून वाहून आलेल्या खडकांचा आहे. १९०९ मध्ये शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून निर्यात झालेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत हे मोनाझाइट आढळले, आणि मग ती वाळू गॅसबत्तीच्या मेंटलसाठी जहाजे भरभरून युरोपात गेली. किरणोत्सर्गी वाळू दोराला चिकटून समुद्रापार जाते हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे. तेव्हाचा दोर नारळाचा होता, आज तो नायलॉनचा आहे.

२५ मे २०२५ रोजी एमएससी एल्सा ३ हे मालवाहू जहाज कोचीजवळच्या समुद्रात ६४० कंटेनरसह बुडाले आणि दुसऱ्याच दिवसापासून कोल्लमच्या किनाऱ्याला कंटेनर लागू लागले. पाठोपाठ प्लास्टिकचे पांढरे कच्चे दाणे दक्षिण केरळच्या किनाऱ्यांवर पसरले. मी तेव्हा मैत्रिणीकडे गेले होते. साबुदाण्याएवढे दाणे भरतीच्या वरच्या रेघेवर पडले होते, आणि खाली, जेथे लाट वाळू धुऊन नेते, तेथे काळी वाळू पट्ट्यापट्ट्यांनी उघडी पडली होती. मोनाझाइट पाण्याच्या पाचपट जड आणि दाणा पाण्याहून हलका, त्यामुळे समुद्राने दोघांना वेगळे ठेवले होते. ते एकत्र आले माणसाच्या फावड्याने. घाईघाईत दाण्यांबरोबर वाळूही गोण्यांत भरली जात होती. दाणे चाळणीने आणि पाण्याच्या बादलीत तरंगवून वेगळे केले तर वाळू किनाऱ्यावरच राहते, आणि गोण्या ज्या ठिकाणी जातील तेथे थोरियम जात नाही. सफाई करणाऱ्या बायकांना हातमोजे आणि चाळणी मिळावी, हा माझा आग्रह तेव्हाही होता आणि आताही आहे.

घाबरवण्यासाठी हे लिहिलेले नाही, हेही सांगते. त्याच किनाऱ्यावरच्या करुनागप्पळ्ळी येथल्या सुमारे ७० हजार रहिवाशांचा सरासरी साडेदहा वर्षे पाठपुरावा करून जो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात त्या नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नव्हते.

वलांडी

नारळीपाकताई, काथ्याची गोष्ट मी वर्गात सांगणार आहे.

माझा शेवटचा प्रश्न सुक्या मासळीचा आहे. आमच्याकडे जवळा आणि मांदेली पोट साफ न करता खातात. पोटात प्लास्टिकचा कण असेल आणि त्यावर काही बसले असेल तर ते थेट ताटात येते. त्या गिऱ्हाइकाला मी यावर काय सांगावे?

गामारेषा

मासळीतून माणसाला मिळणाऱ्या किरणोत्सर्गी मात्रेत सर्वांत मोठा वाटा नैसर्गिक पोलोनियम-२१० चा असतो. तो अणुभट्ट्यांच्या कितीतरी आधीपासून समुद्रात आहे, युरेनियमच्या क्षयमालिकेतून येतो, प्रथिनांना धरतो आणि प्राण्यांच्या पचनसंस्थेत साचतो. त्यामुळे अख्खी खाल्ली जाणारी कोळंबी, जवळा आणि शिंपले यांत तो जास्त असतो, आणि आपल्या आजी-पणजींनीही तो खाल्ला आहे. प्लास्टिकवरच्या बुळबुळीत थराला धरून बसण्याची प्रवृत्ती सीझियमपेक्षा या पोलोनियममध्ये अधिक आहे, म्हणून अभ्यास करायचा तर त्याचा करावा. त्याचे अर्धायुष्य १३८ दिवस आहे, म्हणजे तेवढ्या दिवसांत तो निम्मा उरतो. वाळवून चार-सहा महिने ठेवलेल्या मासळीत ताज्या मासळीपेक्षा तो बराच कमी उरतो, हेही गिऱ्हाइकाला सांगता येईल.

वलांडी

सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि "मग जाळ्यातले प्लास्टिक मोजून पाहता येईल का?" असे विचारले. जाऊबाईंचीही तीच इच्छा आहे. बोंबिलाबरोबर डोल जाळ्यात रोज पिशव्या आणि दोर येतात, ते आजवर आम्ही किनाऱ्यावर जाळत होतो. विद्यापीठातल्या ओळखीच्या एका प्राध्यापिका नमुने मोजून द्यायला तयार आहेत. नमुना कसा घ्यावा?

गामारेषा

सर्वप्रथम जाळणे थांबवा. धुराचा त्रास तर आहेच, शिवाय जाळल्याने सीझियमसारखी द्रव्ये नाहीशी होत नाहीत, राखेत एकवटतात. जपानमध्ये दूषित कचरा जाळणाऱ्या भट्ट्यांच्या राखेचा स्वतंत्र बंदोबस्त करावा लागला तो याच कारणाने. नमुन्यासाठी एकाच दिवशी, एकाच ठिकाणच्या चार गोष्टी घ्या : जाळ्यातले प्लास्टिक, ते स्वच्छ समुद्राच्या पाण्यात खळबळून निघालेला गाळ, त्याच जागेचा तळाचा गाळ आणि जवळ्याची एक पिशवी. गोड्या पाण्याने धुऊ नका, त्याने थरातली द्रव्ये हलतात. धुतलेले प्लास्टिक सावलीत वाळवा आणि प्रत्येक बरणीवर तारीख, भरतीची वेळ आणि वजन लिहा. पोलोनियम मोजायचे असेल तर बरणी कपाटात पडू देऊ नका, पहिल्या आठवड्यातच पोहोचवा. पावसाळी बंदी १ जूनला सुरू होते, त्याआधी एकदा आणि नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या होड्या आत गेल्या की पुन्हा एकदा नमुने घ्या, म्हणजे पावसाच्या पाण्याने खाडीतून काय आणले तेही कळेल.

वलांडी

बरण्या आणि वजनकाटा शाळेतून घेते. शनिवारी ओहोटीला जाऊबाईंबरोबर होडीत जाणार आहे.